उपडोमेनांचे बेवारस दशक

रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना आपली संकेतस्थळे 'बँक डॉट इन' या राखीव डोमेनखाली नेण्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली आणि या स्थलांतरामुळे डोमेनच्या उतरंडीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. ही उतरंड उजवीकडून डावीकडे वाचावी लागते: टोकाला 'इन' वा 'कॉम', त्याआधी संस्थेने नोंदवलेले नाव, आणि त्याच्याही डावीकडे संस्था कोणालाही न विचारता निर्माण करू शकते ती उपडोमेने.

पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये ही रचना मांडली. 'इन'ची नावे मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडून दीर्घकाळ मोजकीच दिली जात, ती २००५ मध्ये सर्वांना खुली झाली, यापलीकडे त्या काळाबद्दल येथे फारसे सांगण्याजोगे नाही.

२०१४ नंतरच्या दशकाने मात्र मोठी हानी केली. क्लाउडवर जागा भाड्याने घेणे सोपे होताच प्रत्येक विभाग आपापले उपडोमेन काढू लागला, आणि त्यासाठी एका नावाची विचारणा दुसऱ्या नावाकडे वळवणारी 'सीनेम' नोंद केली जाई. पुढे भाड्याची जागा सुटली तरी नोंद तशीच राहिली, आणि तीच जागा त्रयस्थाने मिळवली की त्याचा मजकूर संस्थेच्या नावाखाली दिसू लागे. यालाच 'सबडोमेन टेकओव्हर' म्हणतात. डिटेक्टिफाय या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी २०१४ मध्येच हा धोका दाखवला होता, तरी जाहीर न केलेली नावे कोणाला सापडणार नाहीत, ही समजूत कायम राहिली. ती समजूत तेव्हाही निराधार होती. एप्रिल २०१८ पासून क्रोम ब्राउझरने संकेतस्थळांच्या नव्या सुरक्षा-प्रमाणपत्रांची सार्वजनिक नोंदवहीत नोंद आवश्यक केल्यावर तर चाचणीसाठी काढलेली आणि विसरलेली नावेही कोणालाही वाचता येऊ लागली. हल्लेखोर अशा नावांवरून संस्थेच्या 'अटॅक सरफेस'चा, म्हणजे बाहेरून पोहोचता येण्याजोग्या सर्व यंत्रणांचा, नकाशा तयार करतो. संस्थेकडे मात्र तो बहुधा नसतो. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती उघड करणाऱ्या २०१७ च्या इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीच्या प्रकरणातही तिच्याकडे स्वतःच्या यंत्रणांची पूर्ण यादी नसल्याचे अमेरिकी संसदीय चौकशीत आढळले. नावांची वही निगुतीने सांभाळणारा प्रशासक या दशकात अनावश्यक ठरवला गेला, ही त्यातील सर्वांत दुःखद गोष्ट होय.

आज नव्या डोमेनवर जाणे म्हणजेच सुरक्षित होणे असे मानले जात आहे, पण त्याने उतरंडीचा फक्त वरचा भाग बदलतो. जुने डोमेन नूतनीकरणाअभावी सुटले, तर ते घेणाऱ्याच्या हाती त्याखालील प्रत्येक नाव जाते. म्हणून बँकांनी जुनी डोमेने सोडू नयेत, आणि ज्या नोंदीचा मालक सापडत नाही ती काढून टाकावी.