ओव्हरहॉलच्या मुदतीपासून स्थितीच्या तपासणीपर्यंत

भाग जितका जुना, तितका तो बिघडण्याचा धोका मोठा. म्हणून ठरावीक तास भरले की तो खोलून, नवा करून पुन्हा बसवायचा, हे १९५० च्या दशकात विमानांच्या देखभालीत गृहीतच धरलेले होते. डग्लस डीसी-८ या जेट विमानाच्या आराखड्यात असे ३३९ भाग ओव्हरहॉलसाठी नेमलेले होते.

नोंदी मात्र वेगळेच सांगत होत्या. काही इंजिनांची ओव्हरहॉलची मुदत बदलून पाहिली तरी बिघाड आटोक्यात येईनात. म्हणून १९६० मध्ये अमेरिकेची फेडरल एव्हिएशन एजन्सी आणि विमान कंपन्या यांनी मिळून या पद्धतीचाच अभ्यास हाती घेतला. त्यातून बोइंग ७४७ साठी १९६८ मध्ये एमएसजी-१ ही नियमावली तयार झाली. तिचा परिणाम थक्क करणारा होता. डीसी-८ च्या सांगाड्याची मोठी तपासणी २०,००० उड्डाणतासांपर्यंत लांबवण्याआधी ४० लाखांहून अधिक मनुष्यतास खर्ची पडले होते. त्याहून कितीतरी मोठ्या ७४७ साठी युनायटेड एअरलाइन्सला तेच ६६,००० मनुष्यतासांत साधले. पुढे डीसी-१० च्या आराखड्यात ओव्हरहॉलचे भाग उरले अवघे सात.

याची कारणमीमांसा स्टॅन्ली नोलन आणि हॉवर्ड हीप यांच्या १९७८ च्या अहवालात सापडते. अभ्यासलेल्या भागांपैकी फक्त ११ टक्के भागांत वयाबरोबर बिघाडाची शक्यता वाढत होती. ६८ टक्के भागांत धोका सर्वाधिक असे तो नव्याने बसवल्यानंतरच्या काळात. म्हणजे उत्तम चालणारा पंप मुदत संपली म्हणून खोलला, की तो पुन्हा त्याच नाजूक काळात ढकलला जाई. टर्बाइनच्या चकतीसारख्या, तुटल्यास जिवावर बेतणाऱ्या भागांची आयुर्मर्यादा अर्थातच कायम राहिली. इतर अनेक भागांची स्थिती पाहून निर्णय होऊ लागला : तेलात धातूचे कण दिसतात का, पात्याला तडा आहे का.

डिझाइन करणाऱ्यांसाठी या अहवालातला धडा अधिक मोलाचा आहे. मूळ रचनेत नसलेली विश्वासार्हता देखभालीने आणता येत नाही. त्यासाठी रचनाच बदलावी लागते, पर्यायी यंत्रणा जोडावी लागते. आगीची सूचना देणारे उपकरण बंद पडले तर एरवी कोणाला कळतही नाही. अशा लपलेल्या बिघाडांसाठी वेळोवेळी चाचणी घेणे अहवालाने आवश्यक मानले. १९८० च्या एमएसजी-३ मध्ये हा विचार रुजला आणि त्याच दशकात अणुवीज केंद्रांनीही तो स्वीकारायला सुरुवात केली.