मावा झाडावर, जीव माशांचा

बीडकडच्या माणसाला मावा ओळखायला शिकवावं लागत नाही. ढगाळ हवा पडली की करडईचे शेंडे काळे पडतात, कपाशीचं पान उलटलं की बोटं चिकट होतात. तोच मावा घरातल्या माशांच्या टाकीवर आला, की हात सवयीने फवाऱ्याकडे जातो. तिथंच थांबा.

माझ्या टाकीच्या कडेला पुदिना आहे, मुळं थेट पाण्यात. मला आधी मावा दिसलाच नाही. पाण्यावर पांढरी धूळ दिसली. भिंगाखाली धरली तर पाय आणि मिशांसकट टाकलेल्या काती! वर पाहिलं, तर कोवळ्या शेंड्याला हिरवे ठिपके लगडलेले. प्रत्येकाच्या मागच्या बाजूला दोन बारीक नळ्या.

असं का होतं? माशांच्या विष्ठेतलं नत्र झाडाला रोज मिळतं. युरिया जास्त झालेली कपाशी जशी लुसलुशीत होते, तसाच हा पुदिना. माव्याला तेच हवं असतं. त्यात घरात ना पावसाचा मारा, ना ढालकिडा. मादीला नराचीही गरज नसते. ती थेट पिल्लं देते, आणि उबदार हवेत ती आठ-दहा दिवसांत स्वतः व्यायला लागतात.

आता औषधाचं. शेतात सर्रास वापरलं जाणारं सायपरमेथ्रिन एका लिटर पाण्यात मिलिग्रॅमच्या काही हजाराव्या भागाइतकं उतरलं, तरी मासे मरू शकतात. फवारा टाकीपासून लांब मारला तरी हवेचा पंप खोलीतली हवा ओढून पाण्यातच सोडतो. डासांचा स्प्रे मारतानाही हे विसरू नका. निंबोळी अर्कावर माझा शेतात पूर्ण विश्वास आहे, टाकीवर नाही. बाटलीतल्या निंबोळी तेलात ते पाण्यात मिसळावं म्हणून साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं, आणि माशांच्या नाजूक कल्ल्यांना ते सोसत नाही.

मग उपाय काय? पाणीच. सगळ्यात किडका शेंडा खुडून टाकायचा. झाड टाकीतून काढून बादलीत उलटं बुडवायचं, खळखळ हलवायचं, पानांची खालची बाजू बोटांनी पुसायची, नळाच्या धारेखाली धरायचं. लपलेली पिल्लं उरतातच, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी हेच, दोन आठवडे. साबणाचं पाणी वापरायचंच तर अंगणात, आणि नंतर झाड मुळांसकट स्वच्छ धुऊन.

डकवीड, अझोला अशा तरंगत्या वनस्पतींवर मात्र मावा आला तर मला आनंदच होतो. त्यांना तळहाताने पाण्याखाली दाबायचं. सुटलेला मावा पृष्ठभागावर तरंगतो आणि गप्पी मासे तुटून पडतात. हिवतापाच्या डासअळ्या खायला आरोग्य खातं हौदात सोडतं, तेच हे मासे. पहिल्या दिवशी मी डकवीड दाबून धरली, तेव्हा बोटांच्या फटींतून ते आत शिरून मावा टिपत होते.