अंगणातील मोठे झाड

जबलपूर शहर आणि तेथील लष्करी छावणी यांच्या मध्ये एके काळी बरजोरसिंग नावाच्या वृद्ध गृहस्थाची आमराई होती. कर्नल स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात तिची हकीकत नमूद केली आहे. आमराईतील एका आंब्याचे दुसऱ्या झाडाशी, बहुधा चिंचेशी, यथाविधी लग्न लागल्यावाचून ती लावणाऱ्या पतिपत्नींनी तिचे फळ चाखू नये, असा त्या काळचा रिवाज होता. विहीर आणि भिंती बांधण्यातच बरजोरसिंगाचा पैसा संपला होता. १८३३ साली एक झाड फळास आले. मुले आंबे खाऊ लागली आणि म्हातारा-म्हातारी नुसती पाहत राहिली. अखेर घरातील सोनेनाणे गोळा करून, वर थोडी उसनवारी करून त्यांनी ते लग्न पार पाडले आणि १८३४ च्या जूनमध्ये स्वतःच्या आंब्याची चव घेतली. वधू म्हणून योजलेली चिंच मात्र लग्नापूर्वीच वाळून गेली होती. तिच्या जागी चमेली आणली, तर तीही पुढे माळ्याच्या हयगयीने मेली.

या हकीकतीचे हसू येते खरे. परंतु झाड लावणे हा मुलाबाळांचा व्यवहार आहे, ही जाणीव त्या वृद्धास होती. आज जबलपुरात घर बांधणारा गृहस्थ कपाट घेण्यापूर्वी खोली मोजतो; पण रोप लावताना ते चाळीस वर्षांनी केवढे होईल, हे क्वचितच विचारतो. मग झाड ऐन भरात येऊन सावली देऊ लागते, त्याच सुमारास भिंतीला तडा जातो आणि कुऱ्हाड चालते. चूक झाडाची नसते. ती खड्डा खणला त्याच दिवशी झालेली असते.

जबलपुरात जमीन दोनतीनदा पालटते. मदनमहालच्या टेकड्यांभोवती ग्रॅनाइटचा खडक आणि त्यावर मुरमाचा पातळ थर आहे. इतरत्र काळी चिकण माती, तर नर्मदेच्या बाजूस गाळाची जमीन. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. त्यातच मोठे झाड पायाजवळचा ओलावा शोषून घेते, तेव्हा जमीन आणखी आकसते व पाया एका अंगाने बसतो. यास्तव अशा जमिनीत झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, तेवढे अंतर भिंतीपासून ठेवणे बरे. तेवढी जागा नसेल, तर बेल किंवा बहावा यांसारख्या मध्यम झाडावर समाधान मानावे. बहावा लावण्यात काही कमीपणा नाही.

कडुनिंब सर्वांच्या आवडीचा, आणि ती आवड योग्यच आहे. फाल्गुनाच्या सुमारास त्याची जुनी पाने गळतात आणि वैशाखातील झळा सुरू होण्यापूर्वी नवी पालवी दाट होते. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर जाणाऱ्या या शहरात घराच्या पश्चिमेस त्याच्यासारखा सोबती नाही. परंतु त्याच्या मुळांशी पाणी साचता कामा नये. काळ्या मातीत खणलेला खड्डा पावसाळ्यात वाडग्यासारखा भरून राहतो, आणि वर्षाला १,३०० ते १,४०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावी रोप त्यातच कुजते. तेथे मातीचा उंचवटा करून त्यावर कडुनिंब लावावा. सखल, ओलसर कोपऱ्यात अर्जुन किंवा जांभूळ लावणे अधिक शहाणपणाचे. अर्जुन हा मुळी नदीनाल्यांच्या काठचा रहिवासी. स्थानिक लोक त्याला कोहा अथवा कहुआ म्हणतात. रोपवाटिकेत ‘अर्जुनसादडा’ म्हणून मागणारे मराठी गृहस्थ रिकाम्या हाताने परतण्याचा संभव आहे. त्याची पांढुरकी, गुळगुळीत साल चांदण्यात फार शोभते. जांभळाखाली मात्र कपडे वाळत घालू नयेत.

दक्षिणेस शिरीष. थंडी सरता सरता तो निष्पर्ण होतो आणि ऊन ओसरीवर येऊ देतो. वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहतात. त्याच्या फांद्या ठिसूळ, म्हणून छपरापासून तो दूरच असावा.

मोह हा या प्रदेशाचा खरा मानकरी. पहाटे टपटपणारी त्याची फुले ज्याने वेचली, त्याला त्याची थोरवी सांगावी लागत नाही. पण तो सावकाश वाढतो आणि त्याच्या सोटमुळाला दुखापत सोसत नाही. ताजे बी जागच्या जागी पेरणे हाच उत्तम मार्ग. मंडल्याकडील सालवने पाहून साल लावण्याचा मोह काहींना होतो. परंतु त्याचे बी आठवड्या-दोन आठवड्यांत निर्जीव होते आणि रोपही हलविलेले सहन करीत नाही. तो अरण्यातच बरा.

देशी कोणते आणि परके कोणते, याचा फार काटेकोर हिशेब करू गेल्यास पंचाईत होते. गुलमोहर मादागास्करचा, निलगिरी ऑस्ट्रेलियाची, हे ठीक. पण बरजोरसिंगाची ती चिंचही मुळची आफ्रिकेतली! हजारो वर्षांच्या वास्तव्याने ती आपली झाली, एवढेच.

वड, पिंपळ आणि उंबर यांची गोष्ट वेगळी. दत्तभक्त मराठी कुटुंबांना अंगणात औदुंबर हवासा वाटतो. मात्र त्याची मुळे पाण्याचा माग काढीत विहिरीत आणि गटारात शिरतात. भिंतीच्या फटीत रुजलेला पिंपळ तर ती भिंत फोडूनच मोठा होतो. यांची जागा देवळाचे आवार, तळ्याचा काठ किंवा शाळेचे मैदान.

खड्डा मे महिन्यातच तीन फूट लांब, रुंद व खोल खणून उन्हात तापू द्यावा आणि पहिले दोन चांगले पाऊस झाल्यावर रोप लावावे. माणसाच्या उंचीचे देखणे रोप घेण्याचा आग्रह नको. पिशवीत मुळे वेटोळी झालेल्या मोठ्या रोपापेक्षा हातभर उंचीचे निरोगी रोप लवकर पुढे जाते. पहिले तीन उन्हाळे त्याला पाणी आणि गुरांपासून कुंपण, दोन्ही हवीत. चौथ्या उन्हाळ्यापासून ते बहुधा आपले आपण पाहून घेते.