मोरीतून मुठेकडे

नदीवर फिरायला चला, असे पुण्यात कोणी म्हटले की ऐकणारा जरा संशयाने पाहतो. पर्वतीवर चला म्हणावे, हनुमान टेकडीवर चला म्हणावे, फार तर खडकवासल्याला जाऊन कणसे खाऊ म्हणावे. पण नदीवर? नदी ही लकडी पुलावरून जाताना नाकाला रुमाल लावून ओलांडायची गोष्ट! म्हणून गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एकदा सौ.ने "अहो, रविवारी सकाळी विठ्ठलवाडीला नदी बघायला जायचं आहे, जुने बूट घाला," असे फर्मावले, तेव्हा मी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. चेहऱ्यावर थट्टेचे चिन्ह नव्हते. तेव्हा गेलो.

हा उपद्व्याप 'जीवितनदी' नावाच्या संस्थेचा. तिचा जन्म २०१४ सालचा. पुण्यात प्रकाश गोळे यांनी १९८२ साली 'इकॉलॉजिकल सोसायटी' स्थापन केली आणि निसर्ग कसा चालतो हे सामान्य नागरिकांना शिकवण्याचा पाठ्यक्रम तेथे सुरू झाला. नोकरीधंदा, घरदार सांभाळून लोक तो करू लागले. त्यांतल्याच शैलजा देशपांडे आणि त्यांच्या काही सहाध्यायांनी पुढे ठरवले की, शिकलो ते पुरे, आता आपल्या गावच्या नदीसाठी काही करायचे. यात सरकारी कोणी नाही, पुढारी नाही. बहुतेक तुमच्याआमच्यासारखी पांढरपेशी माणसे. आणि खरे सांगायचे तर बायका अधिक.

विठ्ठलवाडीचे देऊळ जुने. आषाढीला पंढरपूर गाठणे ज्यांना जमत नाही त्यांची गर्दी इथे होते. देवळामागे मुठा वाहते. नदीचा एखादा टप्पा दत्तक घ्यायचा, दर आठवड्याला तिथे जायचे, कचरा उचलायचा, झाडे-पक्षी-पाणी पाहायचे आणि नव्या माणसांना आणून दाखवायचे, असा या मंडळींचा क्रम आहे. मुठेवर ही विठ्ठलवाडी, आणि मुळेवर औंधजवळ रामनदी जिथे मिळते तो काठ. औंधच्या काठाला अजून जुनी झाडी आहे, जिवंत झरेही आहेत. नदीला ते 'मुठाई' म्हणतात. मला आधी हे थोडे कृत्रिम वाटले. आपण गंगामाई म्हणतो, कृष्णामाई म्हणतो, मग आपलीच नदी तेवढी नुसती 'मुठा' का, हा प्रश्न मात्र घरी आल्यावर सुचला.

आम्ही वीसेक जण होतो. नदी दाखवणारी मुलगी चोवीस-पंचवीस वर्षांची, हातात काठी. तिने प्रथम पात्रातले लाल पायांचे शेकाटे दाखवले. मी खूश होऊन म्हणालो, "वा! पक्षी आहेत म्हणजे नदी तशी बरी आहे." ती हसली. म्हणाली, "काका, शेकाट्याला घाण पाणी चालतं. ज्यांना चालत नव्हतं ते कधीच गेले." मी गप्प बसलो.

मग तिने सगळ्यांना विचारले, "आज सकाळपासून नदीत कोणी काय काय टाकलंत?" सगळ्यांनी माना हलवल्या. सुशिक्षित लोक आम्ही. निर्माल्यसुद्धा कुंडीत घालणारे! ती बोटे मोजू लागली. दात घासताना टूथपेस्ट. अंघोळीला साबण, केसांना शॅम्पू. कपड्यांना पावडर. भांड्यांना हिरवी वडी. फरशीला फिनेल आणि संडासाला ते निळे औषध. "हे सगळं मोरीतून कुठे गेलं?" असे म्हणून तिने काठीने समोर दाखवले. एका नाल्याचे करडे पाणी खडकांवरून नदीत पडत होते आणि पडेल तिथे पांढरा फेस चढत होता. त्यातला थोडा फेस माझाही होता, हे मनातल्या मनात कबूल करावे लागले.

आता थोडे या नदीच्या पूर्वेतिहासाविषयी. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचा अभ्यास केला आणि १८३९ साली तो प्रसिद्ध केला. त्यात महाशीर जातीच्या एका मोठ्या, देखण्या माशाचे शास्त्रीय वर्णन जगात प्रथम आले. या माशाच्या शास्त्रीय नावातला जातिवाचक भाग आजही साइक्सने दिलेलाच आहे आणि वर्णनासाठी त्याने घेतलेला मासा होता पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला! ज्या माशाला स्वच्छ, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते त्याचे जगाच्या पुस्तकातले मूळ गाव म्हणजे आपली ही नदी. आज तिथे महाशीर शोधायला जाऊ नये.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरण फोडले आणि नदी शहरात शिरली. ज्यांच्या घरी त्या पुराच्या आठवणी आहेत त्यांना अधिक सांगायला नको. माझी एक समजूत आहे, चुकीची असेल तर असो. त्या दिवसापासून पुणेकराने नदीशी अबोला धरला. घरे तिच्याकडे पाठ करून बांधली गेली आणि तिच्याकडे तोंड उरले ते फक्त गटारांचे. वर धरणे असल्यामुळे पाऊसकाळ सोडला तर नदीला स्वतःचे पाणी फारसे नाही. ते कालव्यांतून शेताला आणि नळांतून आपल्या घरी येते, आणि आपण वापरून, साबण कालवून, ते तिला परत करतो. शहराच्या मैलापाण्याचा मोठा भाग वर्षानुवर्षे शुद्ध न होताच पात्रात गेला आहे. जपानच्या कर्जसाह्याने अकरा नवी शुद्धीकरण केंद्रे बांधण्याची योजना मंजूर झाली ती २०१६ च्या सुमारास. प्रत्यक्ष कामे सुरू व्हायला पुढे आणखी काही वर्षे गेली.

केंद्रे झाली की प्रश्न मिटला, असे मीही मानत होतो. पण नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रात मुख्यतः कुजणारी घाण कमी होते. पाण्यात विरघळलेले नत्र आणि स्फुरद बऱ्याच अंशी तसेच पुढे जातात. ही दोन्ही शेताला खते म्हणून आपण विकत घेतो. नदीत ती फुकट मिळाली की जलपर्णी माजते. उन्हाळ्यात पात्रावर हिरवे गालिचे पसरतात, त्याखाली पाणी गुदमरते आणि वर डास होतात. मग महापालिका यंत्रे लावून ती उपसते आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा हजर. स्फुरदाचा मोठा वाटा मैल्यातून येतो हे खरे, पण काही वाटा आपल्या धुण्याच्या पावडरींचाही असतो.

म्हणून या मंडळींनी नदीचे काम घाटावर न सुरू करता न्हाणीघरात सुरू केले. सोसायट्यांत, शाळांत, भिशीमंडळांत जाऊन ते सांगतात की घरातली रसायने एकेक करून कमी करा. शिकेकाई आणा, रिठे आणा, भांड्यांना राख किंवा रिठ्याचे पाणी वापरून पाहा. लिंबा-मोसंबीच्या साली गूळ-पाण्यात तीन महिने मुरवून फरशी पुसायचे द्रव करा. हे सारे आपल्या आजीला ठाऊक होते, एवढे ऐकल्यावर आमची पिढी लगेच डोळे मिटून मान डोलावू लागते. त्यांतला मी नव्हे. आजीच्या काळी पुण्यात माणसे किती होती आणि आज किती आहेत! शिवाय रिठा म्हणजे काही अमृत नाही. त्याचे पाणी दाट झाले तर मासेही मरतात. मी हे त्या मुलीला विचारलेच. ती म्हणाली, "बरोबर आहे काका. पण रिठ्याचं पाणी लवकर कुजून जातं, मागे साठत नाही. आणि आपण थोडंच वापरायचं." उत्तर सरळ होते. पटले.

घरी प्रयोग सुरू झाला. पहिल्या दिवशी रिठे उकळले. फेस मात्र भरपूर आला. आमच्याकडे धुणे-भांड्यांना येणाऱ्या मावशी दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी वाळलेला टॉवेल नाकाशी धरून म्हणाल्या, "वहिनी, वासच येत नाही कपड्याला. धुतलं कशाला म्हणायचं?" माझ्या पांढऱ्या सदऱ्याने आठ दिवसांत किंचित पिवळी झाक धरली. सौ.ने तडजोड काढली. रंगीत कपडे, पडदे, चादरी रिठ्यात. पांढरे आणि फार मळलेले पावडरीत, पण तीही पूर्वीच्या निम्मी. संडासाचे निळे औषध मात्र कायमचे बंद झाले आणि त्यावाचून कोणाचे काही अडले नाही. मावशींच्या हातांना भेगा पडत असत, त्या कमी झाल्या असे त्यांनी दोन महिन्यांनी आपण होऊन सांगितले. नदीचे माहीत नाही, पण हा लाभ डोळ्यांनी पाहिला.

एका घरातल्या रिठ्यांनी मुठा निर्मळ होणार नाही, हे संस्थेच्या लोकांनाही चांगले कळते. पण आपली मोरी कुठे उघडते हे ज्याने एकदा पाहिले तो पुढचे प्रश्न विचारू लागतो. शुद्धीकरण केंद्र कधी होणार? अमुक नाल्याचे पाणी कोणाचे? काठावर राडारोडा कोणी टाकला? नदीकाठ सुधारण्याचा चव्वेचाळीस किलोमीटरांचा प्रकल्प महापालिकेने हाती घेतला आणि मार्च २०२२ मध्ये त्याचे भूमिपूजन झाले, तेव्हा बांधांमुळे पात्र अरुंद होईल, काठची झाडी जाईल, असे आक्षेप नागरिकांनी घेतले. 'जीवितनदी'ची मंडळी त्यांत पुढे होती. एप्रिल २०२३ मध्ये झाडांसाठी पुणेकर रस्त्यावर उतरले. दुसरी बाजू म्हणते की काठ स्वच्छ होईल, लोक नदीकडे येतील. मला विचाराल तर, आधी पाणी आणि मग काठ. पाहुण्यांसाठी दिवाणखाना रंगवायचा आणि मोरी तुंबलेलीच ठेवायची, हे कुठल्या गृहिणीला चालेल?

परतताना त्या मुलीने आम्हांला देवळाच्या बाजूला थांबवले आणि पुढचा मार्ग सांगितला. हे पाणी संगमावर मुळेला मिळते. बंडगार्डन, मुंढवा करीत थेऊरच्या चिंतामणीजवळून जाते. रांजणगाव सांडसला भीमेत शिरते. तिथून उजनीच्या धरणात, आणि उजनीतून पुढे पंढरपुरास. तिथे तिलाच चंद्रभागा म्हणतात. कार्तिकीला वारकरी जिच्यात बुडी मारतात आणि ओंजळभर तोंडात घेतात, तीच. मी मागे वळून देवळाकडे पाहिले. ह्या विठ्ठलाच्या दारचे पाणी त्या विठ्ठलाच्या दारी जात होते, आणि मधल्या वाटेत ते शुद्ध करणारे फार कोणी नव्हते.

उजनी म्हटल्यावर मला आणखी एक आठवले. माझी धाकटी बहीण सोलापुरास दिलेली आहे. सोलापूर शहराच्या नळाला उजनीचे पाणी येते. संध्याकाळी न राहवून तिला फोन केला. नदीचे सगळे पुराण ऐकवले, आणि शेवटी जरा अपराधी स्वरात म्हणालो, "अगं, म्हणजे आमचं सांडपाणी उजनीत आणि उजनी तुझ्या माठात!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "दादा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुम्हां पुणेकरांना आत्ता कळलं होय?"

त्यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

यंदाही भाऊबीजेला ती येणार आहे. दरवर्षी येताना शेंगाची चटणी आणते. आम्ही साडी घेतो. परवा फोनवर तिने साडीचा रंग सांगितला नाही, पण रिठे पुण्यात स्वस्त मिळतात की सोलापुरात, याची चौकशी केली. मंडईत जाऊन पाहायला हवे. नरकचतुर्दशीचे उटणे मात्र घरीच दळले आहे. नागरमोथ्याचा वास घरभर पसरला आहे, आणि मावशींनीही वाटीभर बांधून नेले आहे.