किड्याचे बारसे

फराळाचे ताट समोर असताना किड्यांची गोष्ट काढणे हे काही रसिकतेचे लक्षण नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ते किडे धान्यातले नव्हेत की भाजीतले नव्हेत. ते समुद्रातले आहेत, आणि त्यांतल्या काहींना चक्क देवतांची नावे लाभली आहेत! शिवाय त्यांच्यापैकी एकाच्या नावाने शास्त्रज्ञांची अशी काही फसगत केली की, ती ऐकल्यावर ‘नाव काहीही ठेवा, वस्तू तीच’ असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात हातभर खणून पाहा. गांडुळासारखा एखादा प्राणी वळवळत बाहेर येईल. मात्र नीट पाहिले, तर त्याच्या अंगावरील प्रत्येक वळ्याच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुपके दिसतील. प्राणिशास्त्रात या केसांना ‘दृढरोम’ म्हणतात. यांवरूनच ग्रूबे या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० साली या गोतावळ्याला ‘पॉलिकीटा’, म्हणजे पुष्कळ केसांचे, असे नाव दिले. आज यांच्या ११,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत.

प्राण्यांच्या बारशाची आजची रीत स्वीडनच्या लिनीअसने घालून दिली. त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली. प्राण्यांच्या नावांचा शक तेथून सुरू होतो. प्रत्येकाला दोन शब्दांचे नाव. आधी वंशाचे, मग जातीचे. म्हणजे आडनाव आधी आणि नाव मागाहून! एका लठ्ठ, लोकरीसारख्या केसांच्या किड्याला लिनीअसने ग्रीकांच्या सौंदर्यदेवतेवरून ‘ॲफ्रोडिटा’ म्हटले. इंग्रज मात्र त्याच प्राण्याला ‘समुद्री उंदीर’ म्हणतात. एकाला देवता दिसली, दुसऱ्याला उंदीर दिसला. किडा बिचारा तोच!

नावामागे बारसे करणाऱ्याचे नाव आणि साल लिहितात. कधी ते कंसात असते, कधी नसते. त्यातही अर्थ आहे. रोलंड सदर्न याने १९२१ साली चिल्का सरोवर आणि भारतातील इतर गोड्या-मचूळ पाण्यांतील या किड्यांवर प्रबंध प्रसिद्ध केला. त्यातल्या एकाला त्याने ‘लायकास्टिस इंडिका’ म्हटले. पुढे त्याची रवानगी ‘नामालायकास्टिस’ या दुसऱ्या वंशात झाली. म्हणून आता सदर्नचे नाव कंसात लिहितात. मुलगी सासरी गेली, आडनाव बदलले, पण पाळण्यातले नाव कोणी ठेवले ते कंस विसरू देत नाही.

आता ती फसगत. ओटो फाब्रीशियस हा डॅनिश मिशनरी ग्रीनलंडमध्ये राहिला होता. त्याने १७८० साली तिथल्या एका बारीक, तांबूस किड्याचे वर्णन केले आणि त्याला गांडुळाच्याच वंशात घातले. पुढे तो ‘कॅपिटेला कॅपिटाटा’ झाला. मग जगभरच्या किनाऱ्यांवरून तसल्याच किड्यांच्या नोंदी याच नावाने होऊ लागल्या. घाण साचून इतर जीव मेले की चिखलात हा भराभर वाढतो; म्हणून तो दिसला की पाणी दूषित झाले, असा ठोकताळाच बसला.

१९६९ साली अमेरिकेत वेस्ट फालमथजवळ एका बार्जमधून तेल सांडले. तेथेही हा किडा माजला. जूडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या दांपत्याने त्याच्या शरीरातील वितंचके, म्हणजे एन्झाइमे, तपासली. १९७६ साली त्यांनी जाहीर केले की, या एका नावाखाली निदान सहा वेगवेगळ्या जाती नांदत आहेत! दिसायला साऱ्या सारख्या; पण अंड्यांचा आकार निराळा, पिलांची वाढ निराळी. मग कोणता किडा कोणत्या घाणीची साक्ष देतो, हे कसे ठरवायचे? साक्षीदारच सहा, आणि सहाही जण एकच नाव सांगणारे!

त्यांतली पहिली जात प्रयोगशाळांत फार लाडकी झाली. तरीही तिला नाव नव्हते, नुसता क्रमांक होता. १९७६ नंतर तब्बल ३३ वर्षांनी, २००९ साली, ‘कॅपिटेला टेलेटा’ असे तिचे बारसे झाले. त्याच वर्षी ग्रीनलंडमधून नमुना घेऊन मूळ कॅपिटाटाचेही नव्याने वर्णन करण्यात आले. आणि फाब्रीशियसला तरी का हसावे? २०११ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसले की, गांडूळ आणि जळू ही दोन्ही या केसाळ किड्यांच्याच गोतावळ्यातली आहेत. भाऊबंदकी खरी, फक्त चुलत्याची जागा चुकली होती.

हे सारे आपल्याला कशाला, असे कोणी म्हणेल. पण विशाखापट्टणम बंदराच्या अभ्यासांतही कॅपिटाटाचे नाव येते. भारतातील या किड्यांवर फोव्हेल या फ्रेंच पंडिताचा मोठा ग्रंथ १९५३ साली निघाला. त्याचे उपकार मोठे. पण त्याने आपल्या कित्येक किड्यांना युरोपातलीच नावे दिली आहेत. त्यांतले खरोखर युरोपचे किती आणि आपले स्वतंत्र किती, हे एकेक नमुना तपासूनच ठरेल. खाडीत कारखान्याचे सांडपाणी सोडल्यावर कोण मेले आणि कोण उरले, याचा जमाखर्च शेवटी नावांवरच मांडावा लागतो. ज्या जातीला नावच नाही ती नाहीशी झाली, तर तिची नोंद कोणत्या रकान्यात करणार?

म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली किड्याचे केस मोजत बसणाऱ्याला मी तरी रिकामटेकडा म्हणणार नाही. १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्याला दोना पावलात उभी आहे, आणि कोकणच्या खाड्या तर दारातच आहेत. प्राणिशास्त्र शिकणाऱ्या एखाद्या मुलाने किंवा मुलीने मनावर घेतले, तर आपल्या चिखलातल्या किड्यांना त्यांचे स्वतःचे नाव मिळेल. ते काम भिंगाने, चिकाटीने आणि थोड्याशा चिखलाने होण्यासारखे आहे.