आगा खान वास्तुकला पुरस्कार : अनेक हातांचा सन्मान

इमारत नावाजली की सारा मान एकट्या वास्तुविशारदाच्या पदरी पडावा, ही जी रूढी सर्वत्र दृढमूल झाली आहे, तिला १९७७ साली स्थापन झालेल्या आणि दर तीन वर्षांनी दिल्या जाणाऱ्या या पुरस्काराने छेद दिला. येथे मालक, अभियंते, नगरपालिका व कसबी कारागीर हेही मानकरी ठरू शकतात. पुरस्कृत प्रकल्पांतील मला विशेष प्रिय म्हणजे होळकरांच्या इंदुरातील, १९९५ साली गौरवलेली ‘अरण्य’ वसाहत. बाळकृष्ण दोशींनी आराखडा रेखिला, इंदूर विकास प्राधिकरणाने गरिबांच्या भूखंडांवर जोते आणि पाणी-शौचकूपाची सोय तेवढी करून दिली, आणि पुढील खोल्या, जिने, सज्जे रहिवाशांनीच ऐपतीनुसार सवडीसवडीने उभारले. त्या कुटुंबांना मी निःशंकपणे सहरचनाकार मानतो.