तंबोऱ्याची तार का तुटते?

गाणे रंगात आलेले असते आणि एकाएकी ‘टण्’ असा आवाज होऊन तंबोऱ्याची तार तुटते. गायक क्षणभर थांबतो, साथीदार नवी तार शोधू लागतो. मग कोणीतरी जाणत्याच्या थाटात सल्ला देतो, “या वेळी जरा जाड तार लावा, म्हणजे तुटणार नाही.” सल्ला पटण्यासारखा वाटतो. जाड दोर बारीक दोरापेक्षा जास्त वजन पेलतो, हे विहिरीवर पाणी शेंदणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु वाद्याच्या तारेला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो का? विद्यार्थी मित्रांनो, याचे उत्तर आपण थोड्या गणिताने शोधू.

या प्रश्नाचे माहेरघर कोल्हापूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. मिरजेची तंतुवाद्ये देशभर प्रसिद्ध आहेत. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे तंबोरे आणि सतारी बनवण्यास प्रारंभ केला. पंढरपूरच्या परिसरातून येणाऱ्या मोठ्या भोपळ्यांपासून ही वाद्ये तयार होतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेबांसारखे थोर गवई होते. गवई आणि वाद्ये बनवणारे कारागीर असे जवळजवळ नांदत असल्याने या भागात तारेची पारख पिढ्यान्पिढ्या होत आली आहे. त्या पारखीमागील विज्ञान आता पाहू.

स्वर कशावर अवलंबून असतो?

ताणलेली तार छेडली की ती कंप पावू लागते. एका सेकंदात होणाऱ्या कंपनांची संख्या म्हणजे तिची कंपनसंख्या. कंपनसंख्या जितकी जास्त, तितका स्वर उंच. ही संख्या तीन गोष्टींवर ठरते: तारेची लांबी, तिच्यावरील ताण आणि तिच्या एक मीटर तुकड्याचे वस्तुमान. हे नियम मेर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६३६ साली आपल्या ग्रंथात मांडले. शाळेच्या प्रयोगशाळेतील सोनोमीटरवर तुम्ही ते स्वतः पडताळून पाहू शकता. लांबी निम्मी केली तर कंपनसंख्या दुप्पट होते. मात्र ताण वाढवून ती दुप्पट करायची असेल, तर ताण चौपट करावा लागतो.

आता जाड तारेचा विचार करू. तारेचा व्यास दुप्पट केला, तर तिच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि एक मीटर तुकड्याचे वस्तुमानही चौपट होते. तोच स्वर हवा असेल, तर ताणही चौपटच द्यावा लागतो. म्हणजे तार चौपट बळकट झाली खरी, पण तिच्यावरचा भारही चौपट झाला! दर चौरस मिलिमीटरला पडणारा भार होता तेवढाच राहिला. या भाराला प्रतिबल म्हणतात, आणि धातू तुटायचा की नाही हे प्रतिबलावर ठरते. मेर्सेनचे नियम वापरून प्रतिबलाचे सूत्र असे मिळते:

प्रतिबल = घनता × (२ × लांबी × कंपनसंख्या)²

या सूत्रात तारेच्या जाडीचा उल्लेखच नाही, हे ध्यानात घ्या. धातू, लांबी आणि स्वर या तीन गोष्टी ठरल्या की प्रतिबल ठरले. जाड तार लावून त्यात फरक पडत नाही.

तंबोऱ्याच्या चार तारा

आता आकडे घालून पाहू. पोलादाची घनता एका घनमीटरला सुमारे ७८५० किलोग्रॅम, तर पितळेची सुमारे ८५०० किलोग्रॅम असते. वाद्यासाठी ओढलेली पोलादी तार एका चौरस मिलिमीटरला २००० ते २५०० न्यूटन भार सोसते. पितळी तार ७०० ते ९०० न्यूटनच सोसते. सोनार जंतरपट्टीच्या छिद्रांतून तार ओढतो, तशीच पोलादी तारही क्रमाक्रमाने लहान छिद्रांतून ओढतात. प्रत्येक ओढीबरोबर ती अधिक कठीण होते. म्हणून बारीक तार दर चौरस मिलिमीटरला जाड तारेपेक्षा किंचित जास्तच भार सोसते.

समजा, पुरुषांच्या तंबोऱ्यात तारेची कंप पावणारी लांबी १ मीटर आहे आणि षड्ज ‘काळी एक’ला, म्हणजे सेकंदाला सुमारे १३९ कंपनांना लावला आहे. मधल्या जोडीच्या तारा या षड्जावर असतात. त्यांच्यासाठी २ × १ × १३९ = २७८. याचा वर्ग करून ७८५० ने गुणले व चौरस मिलिमीटरसाठी दहा लाखांनी भागले, की सुमारे ६०७ न्यूटन प्रतिबल येते. पोलादाच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही हे कमी आहे. म्हणजे तार निर्धोक आहे.

याच जागी पितळी तार लावली तर? प्रतिबल सुमारे ६५७ न्यूटन होईल, आणि पितळेची मर्यादा तर ७०० पासूनच सुरू होते. तार लावतानाच तुटण्याची भीती! परंतु चौथी, खर्जाची तार एक सप्तक खाली, म्हणजे निम्म्या कंपनसंख्येवर असते. तिचे प्रतिबल एकदम चौथ्या हिश्श्यावर, सुमारे १६४ न्यूटनवर येते. येथे पितळ सुखाने नांदते. शिवाय पितळेचा ताठरपणा पोलादाच्या जवळजवळ निम्मा असल्याने जाड असूनही पितळी तार लवचीक राहते आणि तिचे उपस्वर शुद्ध येतात. जोडीला पोलाद आणि खर्जाला पितळ ही जुन्या कारागिरांची निवड अशी गणितातही तंतोतंत उतरते.

स्त्रियांचा तंबोरा आखूड का असतो, हेही आता उलगडते. गायिकेचा षड्ज ‘काळी चार’, म्हणजे सुमारे २०८ कंपनांचा आहे असे धरा. १ मीटर लांबीच्या तंबोऱ्यावर तो लावला, तर पोलादी तारेचे प्रतिबल सुमारे १३५८ न्यूटन होते. लांबी ८० सेंटिमीटर केली की ते ८६९ वर उतरते. लांबीत पाचव्या हिश्श्याची काटछाट, पण प्रतिबलात तिसऱ्या हिश्श्याहून अधिक सूट!

सतार आणि पेडल स्टील गिटार

तंबोऱ्याची तार एकदा लावली की एकाच ताणावर असते. सतारीचे तसे नाही. मींड घेताना वादक तार आडवी खेचतो आणि ताण क्षणात वाढतो. सतारीच्या बाजाच्या तारेची लांबी ८८ सेंटिमीटर व तिचा स्वर १८५ कंपनांचा मध्यम धरला, तर प्रतिबल ८३२ न्यूटनच्या आसपास येते. षड्जाच्या पडद्यावरून पंचमापर्यंत मींड घेतली, तर कंपनसंख्या दीडपट होते आणि ताण सव्वादोनपट! म्हणजे प्रतिबल जवळजवळ १८७० न्यूटनपर्यंत चढते. बाजाचीच तार वारंवार का बदलावी लागते, हे यावरून कळेल.

याहून कठीण परीक्षा पेडल स्टील गिटार या अमेरिकन वाद्यात होते. हवाईयन गिटारच्या या वंशजात पायाने पेडल दाबून तारेचा ताण बदलतात. त्याच्या एका प्रचलित रचनेत सुमारे ६१ सेंटिमीटर लांबीची तिसरी तार ४१५ कंपनांवर असते व पेडल दाबताच ४४० वर जाते. सूत्र वापरा: प्रतिबल सुमारे २०१० वरून २२६० न्यूटनवर जाते. बारीक पोलादी तारेच्या मर्यादेला हे अगदी भिडलेले आहे. त्यातही एका कार्यक्रमात हे पेडल शेकडो वेळा दाबले जाते. प्रत्येक वेळी तार थोडी ताणली जाते आणि घोडीवर त्याच जागी वाकते.

असा वारंवार बदलणारा भार धातूला शीण आणतो. एखादी कागद अडकवण्याची तारेची क्लिप घेऊन एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. एका वाकवण्याने ती तुटत नाही, पण थोड्याच वेळात तिचे दोन तुकडे होतात. सूक्ष्म भेग पडते, ती हळूहळू वाढते आणि उरलेला भाग एकदम तुटतो. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद व किंचित उतरती असते. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या घोडीचा तारेच्या कंपनांवर होणारा परिणाम अभ्यासला होता. जवारीचा गोड आवाज या रुंद पाठीमुळेच येतो. तारेला तीव्र बाकही पडत नाही.

गंज आणि घडी

मग तंबोऱ्याची निर्धोक तार तुटते ती का? बहुतेक वेळा दोष गंजाचा किंवा घडीचा असतो. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असते आणि बोटांच्या घामात मीठ असते. दोन्ही मिळून पोलादाला गंज चढवतात. ०.३१५ मिलिमीटर व्यासाच्या तारेला सर्व बाजूंनी ०.०३ मिलिमीटर खोल गंज लागला, तर छेदाचा तिसरा हिस्सा नाहीसा होतो. त्यात गंजाच्या खळग्याच्या तळाशी भार एकवटतो व भेग तेथूनच सुरू होते. खुंटीच्या छिद्राशी पडलेली घडीही हेच काम करते.

गंजाच्या बाबतीत जाड तार किंचित जास्त टिकते हे खरे. पण त्याची किंमत वाद्य मोजते. बाजारात तारा गेजच्या क्रमांकाने मिळतात. क्रमांक मोठा, तितकी तार बारीक. ३० क्रमांकाची तार ०.३१५ मिलिमीटर, तर २८ क्रमांकाची ०.३७६ मिलिमीटर जाड असते. वर पाहिलेल्या जोडीच्या तारेचा ताण पहिलीने ४.८ किलोग्रॅम वजनाइतका, तर दुसरीने ६.९ किलोग्रॅम वजनाइतका होतो. असा जादा भार प्रत्येक तारेने वर्षानुवर्षे घातला, तर दांडी वाकू शकते, तबली दबू शकते. तुटलेली तार थोड्या पैशांत बदलता येते, भोपळ्याचे वाद्य नाही.

म्हणून एवढे करा. वाद्य बनवणाऱ्याने सांगितलेलाच धातू आणि क्रमांक वापरा. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या मऊ फडक्याने पुसा. पावसाळ्यात वाद्य गवसणीत व कोरड्या जागी ठेवा. नवी तार खुंटीवर गुंडाळताना घडी पडू देऊ नका. गंजाचे डाग दिसताच कार्यक्रमाची वाट न पाहता तार बदला. सूर चढवताना चेहरा तारेजवळ नेऊ नका; तुटलेली तार डोळ्याला इजा करू शकते.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी. एका तंबोऱ्याची लांबी ९० सेंटिमीटर आहे. षड्ज ‘काळी दोन’, म्हणजे १५६ कंपनांवर लावायचा आहे. घरात पोलादी तार संपली असून पितळी तार शिल्लक आहे. ती जोडीच्या जागी लावावी का?

(उत्तर: प्रतिबल सुमारे ६७० न्यूटन येते. पितळेची मर्यादा ७०० पासून सुरू होत असल्याने लावू नये.)